जॅझमधलं 'गटबकेट': शब्द आला कुठून आणि ते वाजवतात कसं

प्रश्न असा आला आहे: "जुन्या जॅझबद्दल वाचताना 'गटबकेट' हा शब्द सारखा भेटतो. कोशात 'रांगडं, आरडाओरड्याचं जॅझ' एवढाच अर्थ सापडला. हा शब्द नेमका आला कुठून? ही हेटाळणी आहे की कौतुक? बॅरलहाऊस, टेलगेट, फंकी हे शब्दही त्याच अर्थाने वापरतात का? आणि आज कुणाला तसं वाजवायचं असेल तर शिकता येतं का?"

मी ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य, वाजवतो आणि शिकवतो. त्यामुळे शब्दाच्या इतिहासाइतकंच त्या शब्दामागे ऐकू येणाऱ्या आवाजाबद्दल बोलणार आहे. दोन्ही सोबत घेतल्याशिवाय हा शब्द नीट कळत नाही.

आधी थेट उत्तर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधले गुत्ते आणि स्वस्त नाचघरं इथे घडलेली, ब्लूजमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुखऱ्या, वाकवलेल्या सुरांच्या गाण्यांत, मुरलेली, मुद्दाम खरखरीत ठेवलेली वाजवण्याची तऱ्हा म्हणजे गटबकेट. कोशातला 'आरडाओरड्याचं' हा अर्थ मला अपुरा वाटतो, कारण गटबकेट अगदी संथ लयीत आणि हलक्या आवाजातही वाजतं. त्याची खूण आवाजाच्या चढेपणात नसून सुराच्या पोतात आहे. सूर खरवडलेला असतो, गुरगुरतो, वाकतो, शेजारच्या सुराकडे ओघळतो. सभ्य ऑर्केस्ट्रात ज्याला चूक म्हणतील ते इथे ठरवून, तालमीने आणि पूर्ण ताब्यात ठेवून केलेलं असतं. वादकांच्या तोंडी हा शब्द बहुतेक वेळा कौतुकाचाच असतो.

आता उगम. इंग्रजीतल्या या जोडशब्दाचा सरळ अर्थ 'आतड्यांची बादली'. कोणाची आतडी आणि कुठली बादली, इथून मात्र वाटा फुटतात. मला माहीत असलेल्या चार कथा आहेत आणि त्या सारख्याच वजनाच्या नाहीत.

सर्वात भक्कम कथा एका रेकॉर्डिंगच्या खोलीतली आहे. 12 नोव्हेंबर 1925 रोजी शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह' या चमूचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखं, थोडं आखूड पितळी वाद्य), किड ओरी ट्रॉम्बोनवर, जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर, लुईची बायको लिल हार्डिन पियानोवर आणि जॉनी सेंट सिर बँजोवर. कंपनी 'ओकेह'. त्या दिवशी तीन तुकडे ध्वनिमुद्रित झाले आणि त्यातल्या एका ब्लूजचं नाव पडलं 'गट बकेट ब्लूज'. हे नाव लुईला कसं सुचलं ते सेंट सिरने अनेक वर्षांनी लिहून ठेवलं. मासळी बाजारात मासे साफ करणारे लोक टेबलाखाली एक मोठी बादली ठेवतात आणि माशाच्या पोटातली घाण त्या बादलीत ओढून टाकतात. ती बादली म्हणजे गटबकेट. एकदम तळाची, लो-डाउन चीज, म्हणून त्या ब्लूजला ते नाव.

ही कथा मी भक्कम म्हणतो त्याचं कारण सांगणारा माणूस. सेंट सिर त्या खोलीत हजर होता, त्या तुकड्याची सुरुवात त्याच्याच बँजोने होते, आणि तो न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेला, पोटासाठी गिलाव्याचं काम करणारा कारागीर होता. मासळी बाजारातली बादली कशी दिसते आणि तिला कसा वास येतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ज्याने नाव ठेवलं त्या आर्मस्ट्राँगनेही लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत कोळशाची गाडी घेऊन फिरून पैसे मिळवलेले. अर्थात हा पुरावा त्या ब्लूजच्या नावाचा आहे. शब्द त्याच दिवशी जन्मला असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. रेकॉर्डवर छापायला दिलेलं नाव गिऱ्हाइकाला कळावं लागतं. 'ओकेह'ची ही मालिका खास कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी होती आणि त्यांच्यापर्यंत हा शब्द आधीच पोचलेला असणार.

दुसरी कथा गुत्त्यातली. दारूची पिंपं आडवी मांडलेली, तोट्यांमधून थेंब थेंब गळणारी दारू खाली ठेवलेल्या बादलीत साठायची आणि ती ज्यांच्याकडे पूर्ण पेल्याचे पैसे नाहीत त्यांना स्वस्तात मिळायची. ती बादली म्हणजे गटबकेट, आणि अशा ठिकाणी वाजणारं संगीतही गटबकेट. जॅझवरच्या जुन्या लिखाणात ही कथा पुष्कळदा येते. मला ती ऐकायला आवडते, पण तिच्यात एक सांधा ढिला आहे. गळक्या दारूच्या बादलीला 'आतड्यांची' का म्हणायचं? मग सांगणारे म्हणतात, मूळ शब्द गळती या अर्थाचा होता आणि घासून घासून त्याचा 'गट' झाला. शक्य आहे. पण सरळ अर्थ लागत असताना एवढं वळण घ्यायची गरज मला पटत नाही.

तिसरी कथा डुकराच्या आतड्यांची. गुलामगिरीच्या काळापासून दक्षिणेत चांगलं मांस मालकाच्या घरी जायचं आणि आतडी, पाय, डोकं कामकऱ्यांच्या वाट्याला यायचं. थंडीत डुकरं कापली की आतडी बादल्यांत भरून आणायची, तासन्‌तास धुवायची आणि शिजवायची. त्यांना 'चिटलिंग्ज' म्हणतात. हे खाणं पुढे कृष्णवर्णीय समाजाची ओळख बनलं, इतकं की वंशभेदाच्या काळात त्यांचे कलाकार ज्या नाचघरांतून आणि थिएटरांतून फिरत, त्या सगळ्या साखळीला 'चिटलिन सर्किट' हेच नाव पडलं. आतड्यांची बादली ही या समाजाच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू होती. म्हणून ही कथा मासळी बाजाराच्या कथेची विरोधक आहे असं मी मानत नाही. आतडी माशाची असोत की डुकराची, बादली तीच.

चौथी गोष्ट एका वाद्याची. पत्र्याचं कपडे धुण्याचं टब उपडं ठेवायचं, त्याच्या मधोमध एक तार बांधायची, दुसरं टोक झाडूच्या दांड्याला, आणि दांडा मागेपुढे ओढून तार ताणत वाजवायचं. हा गरिबाचा डबल बास. यालाही गटबकेट म्हणतात. त्या काळी बासच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून करत. आपल्याकडे सारंगीला लावतात ती तात म्हणजे तीच वस्तू. तेव्हा इथे तात आणि टब मिळून नाव झालं असणार. ते वाजवण्याच्या शैलीच्या नावावरून वाद्याकडे आलं की वाद्याच्या अंगानेच स्वतंत्रपणे जुळलं, यावर वाद घालता येईल. शैलीचं नाव वाद्यावरून पडलं असं मात्र मला वाटत नाही. ज्या वादकांना गटबकेट म्हटलं गेलं ते कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि पियानोवाले होते.

यापलीकडे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे न्यू ऑर्लिन्समधली वस्त्यांची उतरंड. शहराच्या डाउनटाउन भागात क्रिओल कुटुंबं राहत. फ्रेंच बोलणारी, मिश्र वंशाची, मुलांना संगीताचं रीतसर शिक्षण देणारी, स्वरलिपी वाचून स्वच्छ सुरात वाजवणारी. अपटाउनला इंग्रजी बोलणारे, मळ्यांवरून शहरात आलेले कृष्णवर्णीय कामकरी. त्यांच्यातले बरेच वादक कानाने शिकलेले. चर्चमधल्या प्रवचनकाराची हाक आणि मळ्यावरची आरोळी त्यांच्या वाजवण्यात उतरलेली. 1890 च्या दशकात लुइझियानात वंशभेदाचे कायदे कडक झाले आणि क्रिओल लोकांचं वेगळं स्थान गेलं. कायद्याच्या नजरेत दोघेही एकाच रांगेत आले, आणि दोन प्रकारच्या वादकांना एकाच कामासाठी एकमेकांशेजारी बसावं लागलं. अपटाउनचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन, ज्याचं एकही रेकॉर्डिंग आज उपलब्ध नाही आणि ज्याला 1907 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात भरती केलं, तो या खरखरीत ब्लूजसाठी प्रसिद्ध होता. नाचायला आलेल्या लोकांना हेच हवं असायचं. वाचून वाजवणाऱ्यांना ते शिकावं लागलं, आणि ते सोपं नव्हतं.

म्हणजे गटबकेट या शब्दात एक पायरी दडलेली आहे. टेबलावर मासा आणि टेबलाखाली बादली. ज्यांना समाजाने टेबलाखाली ठेवलं त्यांनीच तो शब्द उचलून आपल्या सर्वात जिवंत वाजवण्याला दिला. शब्द हेटाळणीचा की कौतुकाचा, याचं उत्तर कोण बोलतंय यावर अवलंबून आहे. बाहेरचा माणूस नाक मुरडून म्हणायचा तेव्हा ती हेटाळणी. एक वादक दुसऱ्याला म्हणायचा तेव्हा त्याहून मोठी पावती नाही.

याचा सर्वात चांगला पुरावा ड्यूक एलिंग्टनने दिला आहे. 1920 च्या दशकात त्याचा बँड न्यूयॉर्कमध्ये नाचासाठी गोड गोड संगीत वाजवायचा. मग बबर मायली हा ट्रंपेटवादक आला. हा रात्रभर वाद्यातून गुरगुरायचा, गटबकेट वाजवायचा, आणि त्याला ऐकल्यावर आपण गोड संगीताचा नाद कायमचा सोडला, असं एलिंग्टनने पुढे सांगितलं. ज्या माणसाला आज अमेरिकेचा थोर संगीतकार मानतात त्याच्या शैलीचं वळण इथे आहे. मायली शिकागोत किंग ऑलिव्हरला ऐकून हे शिकला. ऑलिव्हर म्हणजे आर्मस्ट्राँगचा गुरू. कॉर्नेटच्या तोंडावर पेले, वाट्या, टोप्या असं हाताला लागेल ते धरून तो वाद्याला बोलायला लावायचा. 1923 मध्ये त्याच्या बँडने ध्वनिमुद्रित केलेल्या 'डिपर माउथ ब्लूज'मधला त्याचा वा-वा करणारा सोलो पुढच्या पिढ्यांच्या ट्रंपेटवादकांनी जसाच्या तसा पाठ केला. आजही करतात.

मायलीबरोबर एलिंग्टनकडे होता जो नँटन, सगळे त्याला 'ट्रिकी सॅम' म्हणत. माझ्या वाद्यावर हे काम त्याच्याइतकं खोलात कुणी नेलं नाही. डिसेंबर 1927 पासून हा बँड न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये वाजवू लागला. प्रेक्षक गोरे, वादक आणि नर्तक कृष्णवर्णीय. जाहिरातीत त्या आवाजाला 'जंगल' म्हणायला लागले. त्या लेबलामागचा वंशभेद उघड आहे आणि तो सोडून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ज्या आवाजाला बाहेरचे लोक जंगलातला समजत होते तो न्यूयॉर्कसारख्या शहरात, बँडच्या तालमींत, मापून आणि पारखून तयार झालेला होता. 1929 मध्ये मायली गेला, त्याच्या जागी कूटी विल्यम्स आला. तो आधी असं वाजवत नव्हता. नँटनच्या शेजारी बसून त्याने ही गुरगुर उचलली आणि पुढे त्यात नाव कमावलं. गटबकेट शिकता येतं का, या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

तरीही कसं, ते जवळून सांगतो. एरवी ब्रास वाद्यात, म्हणजे पितळी फुंकवाद्यात, ओठांची थरथर हाच आवाजाचा उगम. गुरगुर काढताना तीन गोष्टी एकदम चालतात. ओठ नेहमीसारखे थरथरतात. त्याच वेळी घशात गुळणी करताना होते तशी खरखर काढायची. आणि काही वादक तिसरी गोष्ट करतात, वाजत्या सुरापेक्षा वेगळ्या उंचीचा सूर कंठातून गुणगुणतात. दोन सूर वाद्यात एकमेकांवर आदळतात आणि आवाजाला दातेरी कड येते. शिकणारा पहिल्यांदा हे करतो तेव्हा घसा आवळतो, श्वास अडतो आणि सूर बारीक होऊन मरतो. मी आधी वाद्य बाजूला ठेवायला लावतो. नुसत्या श्वासावर गुरगुरायचं, पोटातून हवा सतत चालू ठेवायची, आणि ती खरखर न थांबवता वाद्याचा माउथपीस ओठांना लावायचा. घसा दुखला की थांबायचं. दुखणं म्हणजे हवा कमी आणि जोर जास्त.

मग प्लंजर. मोरी तुंबली की वापरतात तोच रबरी कप, दांडा काढलेला आणि अर्थातच कोरा. तो वाद्याच्या तोंडासमोर धरून उघडझाप केली की 'वा-वा' येतं. नँटन वाद्याच्या तोंडाच्या आत आधी एक छोटा म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा अडसर, बसवायचा आणि त्यावर प्लंजर चालवायचा. त्याने आवाज अरुंद होतो आणि माणूस बोलल्यासारखा, 'या-या' असा येतो. ट्रॉम्बोनवर याची खरी अडचण हाताची आहे. एरवी डावा हात वाद्याचं वजन पेलतो आणि उजवा स्लाइड चालवतो. प्लंजर आला की वजन पेलणाऱ्या त्याच डाव्या हाताला तोही हलवायचा असतो, आणि वाद्य खांद्यावर आणि मानेवर तोलून धरावं लागतं. शिवाय कप जवळ आला की सूर जागचा हलतो, तो ओठांनी सावरावा लागतो. नँटनचे सोलो ऐकताना हे सगळं लक्षात ठेवा. त्या रांगड्या आवाजाच्या आत सूर कुठेही घसरलेला नाही.

तिसरी गोष्ट घसरण, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्याकडे ओघळत जाणं. ट्रॉम्बोनची स्लाइड सात जागांवर थांबते, आणि सातवीपासून पहिलीपर्यंत एका दमात ओढलं तर सहा अर्धस्वरांचं अंतर सलग कापता येतं. किड ओरी ही घसरण नेमकी समेच्या तोंडावर आणायचा. कॉर्नेटची ओळ संपते, क्षणभर जागा मोकळी होते आणि तिथे ट्रॉम्बोन खालून वर रेटत येऊन पुढच्या आवर्तनाचं दार उघडतो. याच ढंगाला 'टेलगेट' म्हणतात. न्यू ऑर्लिन्समध्ये बँड घोडागाडीत बसून गावभर जाहिरात करत फिरायचे. ट्रॉम्बोनच्या स्लाइडला मोकळी जागा हवी, म्हणून तो वादक गाडीच्या मागच्या फळीवर, टेलगेटवर बसायचा. टेलगेट हे ट्रॉम्बोनच्या कामाचं नाव आहे, गटबकेट हे सुराच्या पोताचं आणि वृत्तीचं. ओरीच्या वाजवण्यात दोन्ही एकत्र सापडतात म्हणून लोकांची गल्लत होते.

बॅरलहाऊस त्याहून वेगळं. लुइझियाना, पूर्व टेक्सास आणि मिसिसिपीतल्या लाकूडतोड्यांच्या आणि राळ काढणाऱ्या मजुरांच्या छावण्यांजवळ दारूची ठिकाणं असत. दोन पिंपांवर फळी टाकली की झाला बार. एका कोपऱ्यात उभा पियानो आणि एकटा वादक. त्याला भरल्या खोलीच्या गोंगाटावर मात करायची, नाचाला ताल द्यायचा, तोही रात्रभर. त्यातून डाव्या हाताचा जड, न थांबणारा ठेका आला आणि त्या घराण्यातून पुढे बूगी-वूगी. बॅरलहाऊस म्हटलं की प्रामुख्याने पियानो आणि ती जागा. गटबकेट कुठल्याही वाद्यावर होतं. जाता जाता एक सांगतो: 'गट बकेट ब्लूज' ज्या तबकडीवर निघालं तिच्या दुसऱ्या बाजूच्या तुकड्याच्या नावात पिंप आहे, 'येस! आय अॅम इन द बॅरल'. तिथे मात्र गुत्त्याचा संबंध नाही. पिंपात असणं म्हणजे त्या बोलीत खिसा रिकामा असणं.

फंकी हा शब्द मुळात अंगाच्या घामट वासाचा. न्यू ऑर्लिन्समध्ये तो बोल्डनच्या काळापासून होता. पण जॅझच्या शैलीचं नाव म्हणून त्याने जोर धरला तो 1950 च्या दशकात. होरेस सिल्व्हरसारख्या पियानोवादकांनी बीबॉप या वेगवान जॅझप्रकाराच्या बुद्धिमान गुंतागुंतीत पुन्हा चर्च आणि ब्लूज आणलं, तेव्हा. तोवर गटबकेट हा शब्द जुन्या पिढीचा झाला होता. पुढे तो जॅझपेक्षा ब्लूज आणि सोल गायकांच्या कच्च्या, पोटातून येणाऱ्या आवाजासाठी जास्त वापरला जाऊ लागला. बासवादक आणि संगीतकार चार्ल्स मिंगसच्या 1959 मधल्या रेकॉर्डिंगमध्ये मला तो जुना गटबकेट पुन्हा पूर्ण ताकदीने ऐकू येतो. ट्रॉम्बोन ओरडतात, माणसं मागून हाका देतात, आणि तरी रचना घट्ट बांधलेली.

एक भेद इथे करायलाच हवा. 1917 मध्ये 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' या गोऱ्या वादकांच्या चमूने काढलेल्या 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'मध्ये क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवतं, कॉर्नेट घोड्यासारखं खिंकाळतं, ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. जॅझची पहिली तबकडी म्हणून तिला मान आहे, ती भरपूर खपलीही. पण ही नक्कल ऐकून कुणी गटबकेट म्हणालं तर मी मान हलवणार नाही. तिथे प्राण्यांचे आवाज ही गंमत आहे. ऑलिव्हर, मायली आणि नँटन यांच्या वाद्यातून माणूस बोलतो. कुणी कुरकुरतं, कुणी विनवतं, कुणी भांडतं. ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, पण काय म्हणायचंय ते कळतं.

आता त्या मूळ रेकॉर्डिंगकडे परत. ते ऐकताना काय ऐकायचं ते सांगतो. ते जेमतेम तीन मिनिटांचं आहे. ड्रम नाही, बास नाही. त्या काळच्या यंत्रांवर ते दोन्ही पकडणं अवघडच होतं. सेंट सिरचा बँजो एकटा सुरू होतो आणि त्यावर आर्मस्ट्राँगचा बोलका आवाज येतो, त्याला चेव देणारा. मग सगळे मिळून बारा बारच्या, म्हणजे चार चार मात्रांच्या बारा खंडांच्या चौकटीतला ब्लूज वाजवतात. त्यानंतर एकेकाची पाळी. लिल, ओरी, डॉड्स, प्रत्येकाला लुई नाव घेऊन पुढे बोलावतो, आणि लुईची स्वतःची पाळी आली की चमूतल्या दुसऱ्या कुणाचा आवाज त्याला बोलावतो. ओरीचा सोलो साधा आहे, सूर थोडे, पण प्रत्येक सूर खालून चाचपत वर येतो. डॉड्सच्या क्लॅरिनेटमध्ये रडण्याची धार आहे. आर्मस्ट्राँग स्वतः फारसा गुरगुरत नाही हे लक्षात घ्या. त्याचा सूर भरीव आणि उजळ आहे, तरी तो तुकडा गटबकेट आहे, कारण लय मागे रेललेली आणि ब्लूजचे वाकवलेले सूर जागच्या जागी. गुरगुर हे एक साधन आहे, तेवढ्यावर सगळं अडत नाही.

लिलबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ती मेम्फिसची, पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने शिकलेली. शिकागोत न्यू ऑर्लिन्सच्या बँडमध्ये पहिल्यांदा बसली तेव्हा तिने स्वरलिपी मागितली. त्या लोकांकडे कागद नव्हताच. सूर कुठला, विचारलं, तर सांगितलं की दोन टकटक ऐकू आल्या की वाजवायला लाग. तिने वाजवलं आणि कामावर राहिली. पुढे आर्मस्ट्राँगला ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर काढून स्वतःच्या नावाने उभं करण्यात तिचा हात मोठा होता.

मुंबईशी याचा नातेसंबंध आहे आणि तो खरा आहे, पण तो फुगवून सांगितला जातो. टेडी वेदरफर्ड हा शिकागोचा पियानोवादक, आर्मस्ट्राँगबरोबर एर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेला, 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. तो 1945 मध्ये कलकत्त्यात वारला. क्रिकेट स्मिथ हा कृष्णवर्णीय ट्रंपेटवादकही ताजमध्ये बँड चालवायचा. गोव्याच्या वादकांनी या मंडळींकडून हे संगीत प्रत्यक्ष ऐकलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रींकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, शिकलेली ही मुलं स्वरलिपी फाडफाड वाचायची, सूर स्वच्छ लावायची. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल वादकांसमोर जी अडचण होती तीच त्यांच्यासमोर आली: छापील कागदावर नसलेली गोष्ट कानाने उचलायची. हळदोण्याचा आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. तो सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा आणि 1951 च्या 'अलबेला'त त्याचा बँड पडद्यावर दिसतो. त्या गाण्यांतला ब्रास गरम आहे, उसळता आहे, पण मी त्याला गटबकेट म्हणणार नाही. तो झकास इस्त्री केलेल्या स्विंग बँडचा आवाज आहे, आणि चित्रपटाला तेच हवं होतं.

ऐकायला सुरुवात करणाऱ्याने 'डिपर माउथ ब्लूज' आधी घ्यावं, मग 'गट बकेट ब्लूज', मग एलिंग्टनचे 'ईस्ट सेंट लुई टूडल-ऊ' आणि 'ब्लॅक अँड टॅन फँटसी'. यात मायली आणि नँटन दोघेही भेटतात. शेवटी 1940 चं 'को-को', त्यातल्या नँटनच्या सोलोसाठी. पहिली दोन रेकॉर्डिंग जुन्या पद्धतीची आहेत, भोंग्यासमोर वाजवून घेतलेली. त्यामुळे खालचे सूर पातळ वाटतील. हेडफोन लावा, आणि एका वेळी एकच वाद्य धरून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐका. ट्रंपेट किंवा ट्रॉम्बोन हाताशी असेल तर गुरगुरायला लागण्याआधी ब्लूजचे बारा बार साध्या, उघड्या सुरात पाठ करा, मग घसरण, मग प्लंजर आणि सर्वात शेवटी घसा. या क्रमाने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर सूर जागेवर आहे की नाही ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.